लेकीला जमलं नाही

दाराला कुलूप नव्हतं. रश्मीने दार ढकललं, तर हॉलमध्ये तिचा मोठा भाऊ भीमराज आणि नीलावहिनी बसलेले.

"अरे, दादा! तुम्ही आज आमच्याकडे पुनावळ्यात?" रश्मी हसली. बूट काढता काढता तिने मागे पाहिलं. तिचा नवरा धम्मरत्न दोन्ही बॅगा घेऊन अजून लिफ्टपाशीच उभा होता. व्हिएतनामहून मुंबई, मुंबईहून टॅक्सी; दमला असेल. "आणि आईला एकटीला ठेवून आलात?"

नीलावहिनी उठली, तिने रश्मीचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली.

"आई गेली, रश्मी," भीमराज म्हणाला. "बुधवारी पहाटे. झोपेतच. त्रास काही झाला नाही तिला."

आज सोमवार होता.

रश्मीने हात सोडवून घेतले. "बुधवारी कशी जाईल? शुक्रवारी वहिनी बोलल्या की माझ्याशी. आई झोपलीय म्हणाल्या. तिचा निरोप पण सांगितला, रेशमी कापड आणलंस तर जांभळं आण, हिरवं नको."

"ताई, तुम्ही सारखं विचारत होता, आईला काय आणू, काय आणू," नीलावहिनी हुंदके देत म्हणाली. "मला काही सुचेना. तोंडात आलं ते बोलून गेले."

"मी अख्खी दुपार बाजारात जांभळं कापड शोधत फिरले, वहिनी."

"समजून घे जरा," भीमराज म्हणाला. "पहिल्यांदा परदेशात गेलेलीस. लगेच निघाली असतीस तरी गुरुवारची रात्र झाली असती. तोवर ठेवता आलं नसतं. चेहरा दिसलाच नसता तुला. मग तिकडं रडून काय करणार होतीस? चार दिवस तरी सुखाचे गेले ना."

"माझे चार दिवस सुखाचे करायला तुला सांगितलं कुणी?"

"आवाज चढवू नको. शेजारी लोक आहेत."

"असू देत! आणि तिच्या नावाचं पुण्यानुमोदन? ते तरी थांबवायचंस माझ्यासाठी."

भीमराजने मान खाली घातली. "काल केलं. रविवारी सगळ्यांना सुट्टी असते. भन्तेजींना पण कालचाच दिवस मोकळा होता. आईच्या कँटीनमधल्या बायका आल्या होत्या. निम्मं संत तुकाराम नगर आलं होतं."

"विचारलं असेल ना सगळ्यांनी, लेक कुठंय?"

"विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

भीमराजने बायकोकडे पाहिलं. शेवटी नीलावहिनीच म्हणाली, "यायला जमलं नाही, म्हणून सांगितलं."

"जमलं नाही?" चाकणच्या कंपनीत मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची रश्मीला सवय होती, पण हा आवाज तिचा तिलाही ओळखू आला नाही. "कँटीनमध्ये उभं राहून चपात्या लाटल्या, आणि मला इंजिनियर केलं तिने. तिला पोहोचवायला तिच्या लेकीला जमलं नाही? असं सांगितलंस तू? आता मी कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू, की मला माहीतच नव्हतं?"

तेवढ्यात धम्मरत्न आत आला. त्याने बॅगा भिंतीला टेकवल्या, स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास आणला आणि तिच्यापुढे धरला.

"आधी बस. पाणी पी. मग आपण संत तुकाराम नगरला जाऊ."

रश्मीने ग्लासकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काय झालं, कधी झालं, कसं झालं. त्याने काहीच विचारलं नव्हतं.

"तुला माहीत होतं."

"रश्मी, ऐक..."

"कधीपासून?"

"बुधवारी सकाळी दादांचा फोन आला. आपण नाश्त्याला बसलो होतो. तू फळं आणायला उठली होतीस." त्याने ग्लास टेबलावर ठेवला. "दादा म्हणाले, आत्ता सांगू नका. आणि तू इतकी खूश होतीस... मला काय सोपं होतं का? पाच दिवस मी एकट्याने सोसलं."

"एकट्याने? मी शेजारी होते तुझ्या. रोज."

खालून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. रश्मी भावाकडे वळली.

"अग्नी किती वाजता दिला?"

"आता ते कशाला..."

"किती वाजता?"

"बुधवारी दुपारी, चारला."

"म्हणजे तिकडं साडेपाच." तिने धम्मरत्नच्या शर्टाच्या खिशातून त्याचा मोबाइल काढला आणि त्याच्याच हातात कोंबला. "फोटो उघड. आई जळत होती तेव्हा मी कुठल्या फोटोत हसतेय ते दाखव मला."

"असं काय करतेस?"

"दाखव."

"ताई, नका हो असं," नीलावहिनी म्हणाली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

धम्मरत्नने फोटो उघडले. त्या दिवसाचे शंभरेक तरी होते. त्याला शोधावं लागलं नाही. अंगठा दोनदा सरकला आणि थांबला.

टोपलीसारख्या गोल होडीत रश्मी बसली होती. डोक्यावर वेताची टोपी, तोंडभर हसू, आणि हात लांब करून ती फोटो काढणाऱ्याला बोलावत होती, ये ना, तूही ये.