फळीखालचा सेन्सर

सागिनबेकना ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांच्या मुलीनं, तोल्कुननं, दाराबाहेरच्या फळीखाली वजन ओळखणारा सेन्सर बसवला आणि त्याची वायर घरातल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडली. फळीवर कुणी उभं राहिलं की आत दिवा लागायचा. पण तो रोज दुपारी उगाचच लागू लागला. मागच्या गोठ्यातून तो बघून ती येईपर्यंत विझलेलाही असायचा आणि दारात कुणी नसायचं. तिनं वायर बदलली, प्रोग्राम पुन्हा चढवला. तरी तेच.

"लागला तर लागू दे गं," सागिनबेक म्हणायचे.

शेवटी ती बोर्डाला लॅपटॉप जोडून खिडकीशीच बसली. दुपारी पडद्यावरचा आकडा चढला, दिवा लागला. तिनं बाहेर पाहिलं. फळीवर एशेनकुलकाका उभे होते. आजीच्या मयतीत भांडण झाल्यापासून दोघा भावांत अबोला होता.

वडिलांना ओठ दिसतील अशी वळून ती म्हणाली, "बोर्ड ठीक आहे, अता. काका आलेत."

"ठाऊक आहे. या खिडकीतून त्याची पाठ दिसते रोज."

"मग दार का नाही उघडत?"

दारावर हलकी थाप पडली.

"धाकटा आहे तो," सागिनबेक म्हणाले. "नुसता उभा राहतो नि जातो. एकदा तरी दार वाजवावं त्यानं."

तोल्कुननं त्यांना दारापाशी नेऊन त्यांचा तळहात बंद दारावर टेकवला. पुढची थाप त्यांच्या हाताला कळली.