ठोक्यांचे गुण

रॉक संगीताबद्दल घड्याळजीची मतं एकदम ठाम असायची, कारण ती त्याची नव्हतीच. तो अल्बम लावायचा आणि खालच्या मजल्यावरच्या बाई काठीने छत किती वेळा ठोकतात ते मोजायचा. बाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. जितके ठोके, तितके गुण.

"तो सापाच्या चित्राचा? मोजून सव्वीस ठोके, अजरामर! निळ्या कव्हरचा? चारच. पाणचट आहे हो," असं तो गिऱ्हाइकांना बेधडक सांगायचा.

रविवारी त्याने सगळीकडे गाजत असलेला नवा अल्बम आवाज पूर्ण वाढवून लावला. दोन्ही बाजू संपल्या, तरी एक ठोका नाही.

"भिकार!" तो म्हणाला, आणि मग थबकला. बाई गेल्या की काय? तो अनवाणीच जिना उतरला.

दार बाईंनीच उघडलं. चांगल्या ठणठणीत होत्या.

"बाई, आज काठी का नाही वाजली?"

"कशाला वाजवू? इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुझा ड्रमवाला तालात होता. बाकीच्या धांदरटांना मीच काठीने ताल देऊन सांभाळून घेत होते. त्या एकाने तर सव्वीसदा हात दुखवला माझा!"