सुमित्राबाईंची शब्दयादी

"आठ पानं! दोन महिन्यांत फक्त आठ पानं!" यामिनीनं लायब्ररीतून आलेला ईमेल नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "आणि मी दर शनिवारी ड्राइव्ह करून यांना क्लासला सोडतेय. वेडीच ना मी?"

सत्यजितनं नुसता कॉफीचा घोट घेतला. सुमित्राबाई ओट्यापाशी मेथी निवडत होत्या, मान खाली घालून. नागपूरहून अमेरिकेत, कॅरीला लेकाकडे येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं, आणि यामिनीच्या मते दीड वर्ष त्या तिच्या डोक्यावर बसल्या होत्या.

क्लास लायब्ररीतला, इंग्रजीचा. टॅबलेटवर सोप्या इंग्रजी कादंबऱ्या भराभर वाचायच्या, शब्द अडला तरी अंदाजानं पुढे जायचं, अशी तिथली पद्धत. आणि या बाई? आठव्या पानावर ठाण मांडून! टीचरनं लिहिलं होतं, टॅबलेटच्या नोंदीत पुस्तक रोज तास-तासभर उघडं दिसतं, पान मात्र उलटत नाही. महिनाअखेर एक तरी कादंबरी वाचून झाली नाही, तर जागा दुसऱ्याला देणार. यामिनीला तेच हवं होतं. शनिवारची कटकट सुटली असती एकदाची.

"अहो आई, जमत नसेल तर सरळ सांगा ना. कशाला हे नाटक?"

"क्लास बंद नको करूस गं." सुमित्राबाईंचा आवाज कापत होता. "तेवढं एकच ठिकाण आहे मला जायला. शब्द अडतात, ते डिक्शनरीत बघत बसते. वेळ जातो त्यात."

"कुठले अडले, बघू तरी!" यामिनीनं टॅबलेट उचलून सत्यजितपुढे आदळला. "वाच रे मोठ्यानं."

कादंबरी होती बेकरी चालवणाऱ्या दोन बहिणींची. सत्यजितनं डिक्शनरीतली, आईनं शोधलेल्या शब्दांची यादी उघडली. "फ्रीलोडर. न्यूसन्स. डेड वेट..." तो थबकला. "आई, बेकरीच्या गोष्टीत हे कुठून आलं?"

फुकटखाऊ, कटकट, नुसतं ओझं! हे यामिनीचेच शब्द होते. बहिणीशी, इलाशी फोनवर बोलताना सासूच्या देखत, बिनधास्त वापरलेले. इंग्रजीत तर बोलतेय, म्हातारीला काय कळतंय!

"गोष्टीतले नाहीत ते. घरातले आहेत," सुमित्राबाई म्हणाल्या. आता आवाज कापत नव्हता. "पुस्तक उघडून बसलं की तुम्हाला वाटतं मी वाचतेय. मग बोलता तुम्ही मोकळेपणानं. ऐकलेला शब्द मी जमेल तसा टाइप करते, अर्थ येतो."

सत्यजित ताडकन उठला. खुर्ची मागे आपटली. "लाज नाही वाटली, यामिनी? माझ्या आईबद्दल असं बोलतेस?"



"तिच्यावर कशाला डोळे वटारतोस?" सुमित्राबाईंनी मेथीची चाळणी बाजूला सारली आणि पहिल्यांदाच मान वर करून लेकाकडे पाहिलं. "खाली वाच की. शेवटचे दोन तुझे आहेत."