मागचा जिना

कार्डिफजवळचा तो रेनेसाँ काळातला राजवाडा आता सगळ्यांसाठी खुलं कल्चरल सेंटर झाला होता. मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाआधी गाईडने सगळ्यांना फिरवून आणलं. "नोकर मालकांच्या नजरेस पडू नयेत, म्हणून त्यांच्यासाठी हा मागचा जिना."

"शी! माणसंच ना ती?" सुनंदाकाकू हळहळल्या. दीक्षाला काकू एकदम आवडून गेल्या.

जेवणाच्या टेबलावर घरोघरची पातेली मांडली गेली. एका झाकणावर चिकटवलेलं 'गजभिये' वाचून काकूंनी ते पातेलं उचललं आणि लांब खिडकीत नेऊन ठेवलं. "मनावर घेऊ नकोस हं दीक्षा, पण तुमच्याकडचं काहींना चालत नाही."

दीक्षाचं डोकं सणकलं. वांग्याच्या भाजीचं ते पातेलं तिने परत आणून टेबलाच्या मधोमध आदळलं.

"ज्यांना चालत नाही ना काकू, त्यांना मागचा जिना दाखवा."