ब्रेकवरचा पाय

"दाबा, आई!"

मागच्या चाकाच्या बाजूने सुनेची हाक आली तशी सासूबाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि ब्रेक दाबला. जन्मात पहिल्यांदा त्या ड्रायव्हरच्या जागी बसल्या होत्या. तेही चारी चाकं काढून टेकूंवर चढवलेल्या गाडीत. गॅरेजमध्ये असा गारठा होता की बोललं तरी तोंडातून वाफ निघत होती.

"दाबलाय गं."

"तसाच धरा. आता मी इथला नट सैल करते. पाय खाली जाईल, जाऊ दे. मी सांगेपर्यंत उचलू मात्र नका."

पाय खाली गेला. नुसता गेला नाही, शेवाळलेल्या पायरीवरून सटकावा तसा गेला. "अगं बाई!" म्हणत त्यांनी तो झटक्यात वर घेतला.

मागे नळीतून हवा सुर्रकन आत गेली. मग सुनेच्या हसण्याचा आवाज आला.

"असू दे. पहिल्यांदा मीही हेच केलं होतं. पुन्हा पहिल्यापासून."

थंडी पडू लागली की सून गाडीच्या मागे लागायची. यंदा बॅटरी नवी, वायपर नवे, शिवाय पुढे पिवळे फॉग लॅम्प तिने स्वतः बसवले होते. ब्रेक ऑइल बदलायचं तेवढं राहिलं होतं आणि त्या कामाला दुसऱ्याचा पाय लागतो. एरवी तो मुलाचा असायचा. पण मुलगा कामासाठी परगावी अडकला होता. उद्या घाट उतरून सासूबाईंच्या आजारी थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद होतं, "मी आपली बसने जाईन." त्या बुटक्या, गुरगुरणाऱ्या लाल गाडीला त्या घरात फटाका म्हणायच्या. फटाक्यात बसून घाट कोण उतरतं?

"दाबा. धरा. हं, सोडा."

एक चाक झालं, दुसरं झालं. सासूबाईंची मांडी भरून आली, पण त्या कुरकुरल्या नाहीत. पुढच्या चाकाशी येईपर्यंत हाकेच्या आधीच त्यांचा पाय तयार असायचा.

"नळीतले बुडबुडे थांबले, सगळी हवा निघाली," सून शेवटी म्हणाली. "आता दाबून बघा."

त्यांनी दाबला. आणि या वेळी पाय कुठेच गेला नाही. मघापर्यंत लोण्यासारखं वाटणारं ते पेडल तळव्याखाली दगडासारखं उभं राहिलं. त्यांनी आणखी जोर लावला. ते हललं नाही.

"अगं, हे तर मला उलटं ढकलतंय!"

"तेच तर हवं होतं."

सासूबाई कितीतरी वेळ नुसत्या आपल्या पायाकडे बघत राहिल्या. पोळी लाटताना दुखतो म्हणून हात त्यांना माहीत होता, चढताना दुखतो म्हणून गुडघा. पण एवढी मोठी गाडी जागच्या जागी धरून ठेवील असं काही आपल्या पावलात असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

सुनेने चाकं बसवली, नट आवळले, हात पुसले. "मी एक चक्कर मारून येते."

"एकटी का? ब्रेक मी दाबलाय. लागतो की नाही, मला नको बघायला?" सासूबाई शेजारच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा.

गल्लीत सुनेने हळू चालवत चार वेळा ब्रेक लावून पाहिला. चारी वेळा गाडी मुकाट्याने थांबली. मग ती गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. दिवेलागणीची वेळ होती. नदीकडून धुकं चढत होतं आणि पिवळ्या दिव्यांपुढे जेमतेम दोन खांब दिसत होते. सूनही बेताने चालवत होती. तरीही सासूबाईंनी पदर मुठीत आवळून धरला होता.

धुक्यात एक फांदी हलली.

ती फांदी नव्हती. सुनेने ब्रेक दाबला. पट्टा सासूबाईंच्या छातीला रुतला, टायर करकरले आणि गाडी थांबली. बॉनेटपुढे हातभर अंतरावर एक हरीण उभं होतं. केवढं! शिंगं छताच्या वर पोचलेली, नाकपुड्यांतून वाफा. त्याने गाडीकडे पाहिलं, जणू हीच कोण आडवी आली. मग मान वळवली आणि चालू लागलं.

त्याच्यामागून दुसरं आलं. मग एक मादी, तिच्या पोटाला चिकटून पाडस. मग कळपच. धुकं फाडून येत होता आणि धुक्यातच विरत होता.

सुनेचा पाय अजून ब्रेकवरच होता. "आई, जरा उशीर झाला असता तर..."

"श्श्." सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. मग आपल्या बाजूची काच खाली केली. गार वारा आत आला, त्याबरोबर ओल्या केसांचा उग्र वास आणि डांबरावर वाजणारे खूर. हात लांब केला असता तर पाठीला लागला असता, इतकी ती जवळून जात होती. सासूबाईंनी हात लांब केला नाही. देवळातसुद्धा त्या इतक्या गप्प कधी बसल्या नव्हत्या.

"दिवे मालव गं," त्या कुजबुजल्या. "मागचे राहू देत. पुढचे त्यांच्या डोळ्यांवर येतायत."

सुनेने पुढचे दिवे मालवले, इंजिनही बंद केलं. समोर काही दिसेनासं झालं. दोघी त्या पांढुरक्या अंधारात बसून राहिल्या आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी खूर वाजत राहिले, संपता संपेनात.