राखीव जागा

आधी दावे खात्याच्या संगणकांचे पडदे गोठले, मग हप्त्यांचे, मग सगळ्यांचेच. कुमासी शहरातल्या त्या विमा कंपनीत शुक्रवारची सकाळ होती आणि खाली काउंटरवर लोक आरडाओरडा करत होते.

संगणक विभागातली आफ्रीये सर्व्हरच्या खोलीत धावली. सर्व्हर धडधाकट होते. पण त्या सगळ्यांची मिळून जी एक सामाईक साठवण होती, ती काठोकाठ भरली होती. हे होणार म्हणून ती वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. विभागप्रमुख अंपोफो, ज्यांना सगळं ऑफिस ‘वोफा’ म्हणजे मामा म्हणायचं, त्यांना नाही म्हणता येत नसे. ज्याने मागितली त्याला जागा कबूल. बेरीज केली तर तेवढ्या डिस्क कंपनीत नव्हत्याच. असं करता येतं. नुसतं कबूल करायचं आणि लागेल तशी जागा द्यायची. फक्त साठवण भरत आली की इशारा वाजायला हवा. तो वोफांनीच बंद करायला लावला होता, डोकं दुखतं म्हणून.

“पोरी, सगळे एकदम कुठं मागायला येतात?” ते म्हणायचे.

आफ्रीयेने अडीनडीसाठी जागा अडवून धरायला त्या साठवणीतच एक भलीमोठी निरुपयोगी फाइल दडवून ठेवली होती. मोकळी जागा दिसली की या ऑफिसात कुणीतरी हात मारणारच, म्हणून ती कुणाला बोलली नव्हती. आता तिने ती पुसून टाकली. तेवढी जागा सुटली आणि पडदे हलू लागले.

“दावेवाल्यांना आज सर्व्हरवर काही चढवू देऊ नका, वोफा. आता हाताशी काही उरलं नाही.”

“बरं बरं. वाचवलंस गं! माझ्यानंतर खुर्ची तुझीच, सांगितलंय ना मी?”

त्याच दुपारी वोफांचा निरोप समारंभ होता. त्या खुर्चीसाठी आफ्रीयेने राजधानीतली, अक्रातली चांगली नोकरी गेल्याच महिन्यात नाकारली होती. “तोंडी शब्दावर अक्रा सोडतेस?” म्हणून आई दोन दिवस बोलली नव्हती.

बांतामाच्या शिंपिणीकडून शिवून आणलेला नवा पोशाख घालून ती हॉलमध्ये गेली. दारातच तिच्या विभागातला तेत्ते भेटला. तोही कडक इस्त्रीच्या नव्या कपड्यांत, सोबत बायको.

“काय गं, लग्न आहे की काय तुझं?”

“आणि तू कशासाठी नटलायस?”

“वोफा म्हणाले होते...” तेत्ते बोलता बोलता थांबला. त्याच्या मागे त्यांच्याच विभागातला डांक्वा उभा होता, खांद्यावर कोरं केंते, सणासमारंभाला पांघरायचं रंगीत वस्त्र. तिघांनी एकमेकांचे कपडे पाहिले आणि मग तिघांनीही वोफांकडे पाहिलं.

मग कंपनीच्या मोठ्या साहेबांनी विभागाच्या नव्या प्रमुखांची ओळख करून दिली. ते अक्राहून आले होते, हेड ऑफिसने नेमलेले.

आफ्रीयेने वोफांना जोलोफ भाताच्या पातेल्यापाशी गाठलं. ते ताटलीतून मान वर करेनात.

“हेड ऑफिस माझं ऐकतं कुठं, पोरी? कबूल केलं की तुमचे चेहरे फुलायचे. नाही म्हणवत नव्हतं मला.”

तिला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. या माणसाचा स्वभाव तिच्याइतका या ऑफिसात कुणाला ठाऊक होता?

एवढ्यात काउंटरवरची मुलगी धापा टाकत आली. पडदे पुन्हा गोठले होते. दावेवाल्यांनी जुनी कागदपत्रं चढवायला घेतली होती. वोफांना विचारलं तर ते हो म्हणाले होते.

नवे प्रमुख लगबगीने आफ्रीयेकडे आले. “मॅडम, सकाळी तुम्हीच वाचवलंत म्हणे. अजून काही राखून ठेवलंय का?”

“नाही,” ती वोफांकडे बघत म्हणाली. “जे होतं ते मी यांच्या शब्दावर देऊन बसले.”