गडावरची माती

‘आई, पायवाट सोडू नकोस,’ लेकीने दुसऱ्यांदा बजावलं. म्युनिकहून निघालेल्या सहलीच्या बसने सगळ्यांना किल्ल्याच्या दारातच आणून सोडलं होतं. गाइड निळी छत्री उंचावून राजाची गोष्ट सांगत होती.

प्रमिलाताईंचं मन भलतीकडेच होतं. यजमानांनी उभा जन्म सह्याद्रीतले गड पालथे घातले. ‘पुढच्या खेपेला तूही चल,’ दर वेळी म्हणायचे. ती खेप येण्याआधी स्वतःच गेले. ताईंच्या वाट्याला गड यायचा तो यजमानांच्या बुटांना चिकटून. घरभर माती! त्या करवादायच्या, ते हसायचे.

इथे मात्र जिकडेतिकडे गुळगुळीत फरशी. परतायची वेळ झाली तशा ताई सरळ फुलांच्या वाफ्यात उतरल्या आणि ओल्या मातीत पाय रोवून उभ्या राहिल्या. ‘मॅडम!’ गाइड ओरडली. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर ताईंनी बाल्कनीत आपले बूट एकमेकांवर आपटले. माती पडली, तसं सवयीने तोंडून निघालं, ‘अहो, किती वेळा सांगितलं, बूट बाहेर झटकून येत जा!’

मग त्या गप्प उभ्या राहिल्या, कुणी हसतंय का ऐकत.